आयओ-यूरिंगमधून उघडलेल्या फाइल्स ऑडिट लॉगमध्ये दिसत नाहीत?

प्रश्न: लिनक्समध्ये ओपनॅटवर (फाइल उघडायचा सिस्टिम कॉल) ऑडिट रूल (कशाची नोंद ठेवायची तो नियम) लावलाय, साध्या प्रोग्रॅमची नोंद बरोबर येते पण तीच फाइल आयओ-यूरिंगने (रांगेतून फाइलची कामं करून घ्यायची लिनक्सची सोय) उघडली की लॉग कोरा, माझंच काही चुकतंय का?

उत्तर १: नाही रे, तुझं नाही चुकत. ऑडिटचा पहारा सिस्टिम कॉलच्या (प्रोग्रॅम कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, करतो ती विनंती) दारात असतो आणि आयओ-यूरिंगमध्ये काम शेअर्ड मेमरीतल्या रांगेत टाकलं जातं, त्यात एसक्यूपोल (कर्नलनेच रांगेवर लक्ष ठेवायचा पर्याय) चालू असेल तर कर्नल थ्रेडच ते उचलतो, मग सबमिट करायला कॉलच लागत नाही. आयओ-यूरिंग आलं लिनक्स ५.१ मध्ये, २०१९ ला, आणि ऑडिट जोडलं ५.१६ मध्ये! कर्नल कुठला आहे तुझा?

प्रश्नकर्ता: ६.१

उत्तर १: मग सोपंय, एक्झिट लिस्टवरचा (सिस्टिम कॉल संपताना तपासली जाणारी यादी) रूल राहू दे, आयओ-यूरिंग लिस्टवर वेगळा टाक. नोंद यूरिंगऑप नावाने येईल. ऑडिटची टूल्स मात्र जुनी नकोत.

उत्तर २: रीड-राइट शोधत बसू नकोस हां, ते मुद्दाम वगळलेत, दर रीडला नोंद केली तर वेग गेलाच की. आणि वापरतच नसशील तर ६.६ पासून सिसकंट्रोलने (कर्नलची सेटिंग बदलायची सोय) आयओ-यूरिंग अख्खं बंद करता येतं.