जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवावं का? मराठवाड्याच्या उन्हाचा हिशेब धरून चर्चा

काळी_माती (धागाकर्ता)

जुनी जीप किंवा अँबॅसेडर घ्यायची, तिचं दमलेलं इंजिन उतरवायचं आणि त्या जागी ट्रॅक्स गाडीचं नाहीतर महिंद्राचं एमडीआय डिझेल इंजिन चढवायचं, हे काम परभणी, जालना, नांदेडकडे वर्षानुवर्षं चालत आलंय. माझा आक्षेप इंजिन बदलण्याला नाही, कामाच्या क्रमाला आहे. आधी इंजिन येतं, मग गिअरबॉक्स जुळवतात, मग बोनेट लागतंय का ते बघतात आणि रेडिएटर शेवटी जो बसेल तो बसवतात. डिसेंबरात गाडी झकास चालते. एप्रिल लागला की हेड गॅसकेट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांतलं पॅकिंग) उडतं आणि खापर इंजिनावर फुटतं.

हिशेब साधा आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल, ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ वर असली तर फरक ७० चा. मे महिन्यात हवा ४४ वर गेली की फरक ५१ उरतो, म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद पाऊण हिश्शाच्याही खाली आली. पुढे एसीचा कंडेन्सर लावला आणि रेडिएटरच्या जाळीत शिरणारी हवाच ५५ ची झाली, तर फरक ४० चा. हिवाळ्यातल्या ताकदीच्या निम्म्याहून जरा जास्त, बस्स.

म्हणून आधी ग्रिलमागची जागा मोजा: रुंदी, उंची, आणि जाळीपासून इंजिनापर्यंतची खोली. तिथे जेवढी जाळी मावेल, तेवढ्याला झेपेल तेच इंजिन घ्या. आणि जाळी जाड करण्यापेक्षा रुंद करा. नळ्यांच्या तीनच्या जागी चार रांगांची कोर (जाळी) भरली तर चौथ्या रांगेला आधीच तापलेली हवा मिळते, वर फॅनलाही ओढायला जड जातं.

मूळ_इंजिन

क्रम बदलून उपयोग नाही, मुळात इंजिन बदलायचंच कामून? "गरम होतं" म्हणून जी इंजिनं उतरवली जातात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी इंजिन नाही, पाण्याची वाट खराब झालेली असते. आपल्याकडे रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततात. ते जड. त्याचा क्षार सिलिंडरभोवती थरावर थर बसतो. बीडाचं लोखंड उष्णता जेवढी वाहून नेतं, त्याच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढीही क्षार नेत नाही. म्हणजे १ मिमी थर बसला तर सिलिंडरची भिंत इंचभर जाड झाल्यासारखं झालं. अशा ब्लॉकला नवा रेडिएटर लावला तरी उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही.

अँबॅसेडरचं १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन घ्या. ब्लॉकच्या बाजूचे कोअर प्लग (पाण्याच्या वाटेची पत्र्याची गोल बुचं) काढा. सगळ्यात मागच्या सिलिंडरपाशी, जिथे पाणी संथ असतं, तिथे गंजाचा लाल-काळा चिखल दाबून बसलेला दिसेल. सायकलच्या स्पोकचं टोक वाकवून तो कोरून काढावा लागतो, नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने निघत नाही. मग लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून कोमट पाणी भरा, इंजिन २० मिनिटं चालवा, काढा आणि स्वच्छ पाण्याने तीनदा धुवा. शेवटच्या पाण्यात लोखंडी हेडसाठी चमचाभर धुण्याचा सोडा चालतो. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर सोडा अजिबात नको, तो धातू खातो. कोअर प्लग मात्र नवेच ठोका. एवढं केलं की पुष्कळ गाड्यांचा प्रश्न तिथेच मिटतो.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुस्तकात एक इंजिन आणि बोनेटखाली दुसरं असेल, तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात काय होईल याचाही विचार करा.

काळी_माती

कायद्याचं आणि क्षाराचं शंभर टक्के मान्य. मंजुरी मिळत नसेल तर काम हातात घेऊच नये. पण "बदलायचंच कामून" याला तांत्रिक उत्तर आहे. एमएम ५४० जीपमध्ये प्यूजोचं २११२ सीसी एक्सडीपी ४.९० होतं. त्यात डिझेल आधी छोट्या खोलीत पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं. या बांधणीत जळता वायू अरुंद वाटेने घासत जातो आणि बरीच उष्णता पाण्यात उतरते. महिंद्राचंच २५२३ सीसी एमडीआय घेतलं तर डिझेल थेट पिस्टनच्या वाटीत फवारलं जातं. तेवढ्याच ताकदीला पाण्यात जाणारी उष्णता कमी. म्हणजे सीसी वाढले तरी रेडिएटरवरचा भार त्या मानाने वाढत नाही.

याच कारणाने ट्रॅक्सचं ओएम ६१६ अँबॅसेडरमध्ये चढवायला माझा विरोध आहे. मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं, पिढ्यान् पिढ्या चालणारं इंजिन, त्याबद्दल आदरच आहे. पण त्यातही डिझेल आधी छोट्या खोलीतच पेटतं. उष्णता भरपूर, वजन भरपूर, आणि अँबॅसेडरच्या नाकात जाळीला जागा तेवढीच.

टर्नर_वाळूज

उष्णतेचं बोलताना फॅन कुठे येतो ते कुणी बघितलं नाही. दुसरं इंजिन बसवताना मुख्य घोळ तिथेच होतो. अडॅप्टर प्लेट (नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडणारी पट्टी) २० मिमीची केली की इंजिन तेवढंच पुढे सरकतं आणि फॅन जाळीला टेकायला येतो. मग कुणी फॅनची पाती कापतं, कुणी रेडिएटर पुढे ढकलतं आणि बाजूला बोटभर फटी राहतात. हवेला फट मिळाली की ती जाळीतून जाणारच नाही, बाजूने निघून जाईल. गाडी उभी असताना तर बोनेटखालची गरम हवाच त्या फटीतून पुढे येऊन परत आत ओढली जाते.

करायचं असं: जाळी आणि फॅन यांत निदान २५ मिमी अंतर. पूर्ण जाळी झाकणारं फॅनकव्हर. पात्याची निम्मी रुंदी कव्हरच्या आत, निम्मी बाहेर. पात्याचं टोक आणि कव्हर यांत १५ ते २० मिमी, कारण इंजिन माउंटिंगवर हलतं. रेडिएटरच्या चारही कडांना जाड फोमची पट्टी. खर्च किरकोळ, फरक लई.

आता प्लेटबद्दल, कारण ती चुकली तर बाकी सगळं वाया. बेल हाऊसिंगचं (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या घराचं) भोक आणि क्रँकचं (इंजिनाच्या फिरत्या दांड्याचं) मध्य एका रेषेत हवं. फ्लायव्हीलवर चुंबकी स्टँड लावून डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप) भोकाच्या आतून फिरवा. पूर्ण फेऱ्यात काटा ०.१५ मिमीपेक्षा जास्त हलला तर बोल्ट आवळू नका. नुसत्या बोल्टवर मध्य राहत नाही, दोन डॉवेल पिन (जागा पक्की धरणाऱ्या घट्ट खुंट्या) घालाच. हे केलं नाही तर आधी पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकातलं) ओरडतं, मग मेन शाफ्टचं बेअरिंग जातं, मग गिअर सुटायला लागतो, आणि गॅरेजवाला गिअरबॉक्स उघडून बसतो.

घाटरस्ता

एवढं गणित कशाला? थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाका आणि पुढे १६ इंची इलेक्ट्रिक फॅन लावा. इथे बर्फ पडत नाही, इंजिन गरम करायला थर्मोस्टॅटची गरज नाही. पाणी मोकळं फिरेल, फॅन इंजिनाची ताकद खाणार नाही. मांजरसुंब्याचा घाट असो की कन्नडचा, गाडी थंड राहील.

हेड_फेसिंग

घाटरस्ता भाऊ, हा सल्ला ऐकून पुष्कळ हेड वाकली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. ओएम ६१६ सारख्या इंजिनात थर्मोस्टॅटला दोन तबकड्या असतात. पाणी तापलं की वरची रेडिएटरची वाट उघडते आणि खालची बायपासची (रेडिएटर टाळून परत इंजिनात जाणारी) वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा. तापलेलं पाणी रेडिएटरला न जाताच परत ब्लॉकमध्ये शिरतं. म्हणजे काढल्याने गाडी जास्त तापते. आणि ज्या इंजिनात बायपास नाही, ते सकाळी बराच वेळ थंड चालतं, इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून ऑईलमध्ये उतरतं, रिंगा झिजतात.

काढायचा नाही, तपासायचा. पातेल्यात पाणी, दोऱ्याला थर्मोस्टॅट टांगलेला, बुडाला न टेकलेला, शेजारी थर्मामीटर. ८२ अंशांचा असेल तर त्या आसपास सुटायला हवा आणि ९५ ला पोचेपर्यंत ८ मिमीच्या आसपास उघडायला हवा. हवा अडकू नये म्हणून त्याच्या कडेला ३ मिमीचं भोक असतं. नसलं तर पाडा आणि बसवताना ते वरच्या बाजूला ठेवा.

टर्नर_वाळूज

इलेक्ट्रिक फॅनचंही सांगतो. १६ इंची फॅन १८ ते २५ अँपिअर ओढतो. जुन्या अँबॅसेडरवर लुकासचा डायनामो असेल तर त्याचा कमाल करंट २२ अँपिअर, आणि आयडलला जवळपास शून्य. नेमकं जाममध्ये, आयडलला, दिवे चालू असताना फॅनची गरज. बॅटरी उतरते, फॅन मंदावतो, पाणी उकळतं. आधी ६५ अँपिअरचा अल्टरनेटर, मग ४ चौरस मिमीची वायर, ३० अँपिअरचा फ्यूज, ४० अँपिअरची रिले. फॅन जाळीच्या मागे, ओढणारा. पुढे लावला तर धावत्या गाडीत तोच हवा अडवतो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये १५-२० च्या वेगाने चढताना समोरून हवा नसतेच, तिथे कव्हरसकट बेल्टवरचा फॅन हाच भरवशाचा.

घाटरस्ता

बायपासचं पटलं, माझं म्हणणं मागे घेतो. अल्टरनेटर बदलला तर इलेक्ट्रिक फॅन चांगलाच, यावर मी ठाम आहे. बेल्टचा फॅन आयडलला मंद फिरतो, इलेक्ट्रिक पूर्ण वेगाने. उसाच्या ट्रॉल्यांमागे अर्धा तास रांगणाऱ्या गाडीला कोणता हवा, ते ज्याने त्याने ठरवावं.

पाणी_परीक्षा

कूलंटवर कुणी बोललं नाही. डब्यावर निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं लिहिलेलं असतं, ते बर्फाच्या प्रदेशाला धरून. निम्म्या ग्लायकोलचं (कूलंटमधलं मुख्य द्रव्य) मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. मराठवाड्यात त्याचं काय करायचं? उलट ग्लायकोल वाढलं की पाण्याची उष्णता वाहून न्यायची ताकद घटते. एक हिस्सा कूलंट, दोन हिस्से डिमिनरलाइज्ड पाणी. त्याहून कमी केलं तर गंजरोधक पुरत नाही.

मूळ_इंजिन

यावर थोडा विरोध. ग्लायकोलने उकळबिंदूही वाढतो, आणि जुन्या गाड्यांवर रेडिएटरची दाब धरणारी टोपी ४ किंवा ७ पीएसआयची (दाबाचं माप) असते. निम्मं-निम्मं मिश्रण दाबाशिवाय १०७ च्या आसपास उकळतं. जुन्या टोपीवर ती गादी मला हवी.

पाणी_परीक्षा

टोपी १३ ची लावा, साधं पाणीसुद्धा ११८ च्या पुढे उकळेल. पण त्याआधी रेडिएटर तेवढ्या दाबाला तपासून घ्या. जुनं सोल्डर ७ च्या सवयीचं असतं, १३ ला वरच्या टाकीचा जोड उसवतो. तुमच्या रेडिएटरला तेवढा दाब झेपत नसेल तर तुमचं निम्मं-निम्मं बरोबर.

हेड_फेसिंग

नवं इंजिन उंच आणि रेडिएटर बुटका असेल तर एक गोष्ट विसरू नका. हेडमधून पाणी निघण्याची जागा रेडिएटरच्या टोपीपेक्षा वर गेली की हवा हेडमध्येच अडकते. टोपीपर्यंत पाणी दिसतं आणि हेड कोरडं असतं. त्यावर वेगळी टाकी, गाडीतल्या सगळ्यात उंच जागी, हेडच्या वरच्या टोकापासून तिथवर ६ मिमीची नळी, आणि टाकीच्या तळातून पंपाच्या ओढीकडे जाड पाइप. खालच्या होज पाइपात स्प्रिंग हवी, नाहीतर रेस केल्यावर पंपाच्या ओढीने तो पिचकतो आणि पाणी तुटतं.

दुसरं, डॅशबोर्डच्या काट्यावर भरवसा नको. जुना मीटर आणि नव्या इंजिनाचा सेन्सर यांचा रेझिस्टन्स जुळत नाही, काटा मध्यावर आणि पाणी ११० वर असं होतं. शिवाय पाणीच निघून गेलं तर सेन्सर हवेत राहतो आणि काटा खाली येतो. ड्रायव्हरला वाटतं गाडी थंड झाली. हेडच्या बोल्टखाली बसणारा, धातूचं तापमान बघणारा अलार्म लावा, तो पाणी संपल्यावरही ओरडतो.

मूळ_इंजिन

पेट्रोल इंजिन ठेवणाऱ्यांसाठी एक भर. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) निव्वळ पेट्रोलसाठी. साध्या पेट्रोलला एका भागास १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जेट तसेच ठेवले तर इंजिन सात-आठ टक्के सुकं (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालतं, आणि सुकं चाललेलं इंजिन तापतं. स्पार्क प्लगची चिनी माती पांढरीफटक दिसली तर मेन जेट एक-दोन नंबरने मोठा करा. इथे रेडिएटर बदलून पैसे घालवू नका.

काळी_माती

हे मला सुचलं नव्हतं, पहिल्या पोस्टला जोडून वाचावं.

मूळ_इंजिन यांच्याशी माझा मतभेद एवढाच उरला: इंजिन ठेवायचं की बदलायचं, ते मोजून ठरवावं. दुपारी तीनला, घाट चढून आल्याबरोबर, इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होजवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. चकचकीत क्लिपवर किंवा पितळेवर नाही, तो खोटं सांगतो. मोजायच्या जागी काळी टेप चिकटवा. वर-खाली ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर वाट ठीक. २० च्या पुढे असेल तर पाणी कमी फिरतंय: जाळी चोंदली, पंप झिजला किंवा खालचा होज पिचकतोय. दोन्हीकडे जवळपास सारखं आणि दोन्ही तापलेलं असेल तर हवा कमी. अशा वेळी आधी सोयाबीनचा भुसा आणि कापसाचा फुलोरा जाळीतून काढा, इंजिनाच्या बाजूने ग्रिलकडे, साध्या पाण्याच्या पाइपने. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या धारेने पट्ट्या आडव्या होतात आणि जाळी कायमची बंद पडते.