रहस्यकथेतली चहावाली : 'बाय टू'वरून चोर सापडेल का?

वखार_गल्ली :
मी कर्नाटकातल्या निपाणीची. दिवाळी अंकासाठी रहस्यकथा लिहायला घेतलीय. खून नको, रक्त नको. तंबाखूच्या वखारीतून वजनाची जुनी वही गायब होते, एवढंच. शोध लावणार शांताक्का, स्टँडसमोरची चहावाली. सवयी माझ्या सासूबाईंच्या उचलल्यात, त्यांचं दुकानच होतं. कुणाला साखर चालत नाही, उधारी तुंबली की कोण पलीकडच्या अंगानं जातो, सगळं त्यांना पाठ.

संशयित म्हणतो, मी मुंबईचा, एकटाच आलोय, निपाणी पहिल्यांदाच बघतोय. पण चहा मागताना म्हणतो, "एक बाय टू." मुंबईचा असता तर कटिंग म्हणाला असता ना? शांताक्का तिथंच त्याला हेरते. पटतंय का?

चिकोडी_लाइन :
ताई, एकटा गडी बाय टू कशाला मागंल? एक चहा दोन ग्लासांत, त्याला बाय टू म्हणतात. दुसरा ग्लास कुणाचा?

वखार_गल्ली :
अगं बाई! बारा पानं लिहून झाली आणि हे सुचलं नाही. सासूबाई असत्या तर हसल्या असत्या.

पदर_नाकाला :
मी वखारीत चाळणीवर काम केलंय. नवा माणूस आत आला की शिंकून शिंकून बेजार होतो, डोळ्यांतनं पाणी. आम्ही नाकातोंडाला पदर बांधायचो तरी रात्री भाकरी कडू लागायची. तुमचा मुंबईवाला आत जाऊन आला आणि एकदाबी शिंकला नाही, असं दाखवा की. शांताक्काला दारातनं दिसंल.

खानापूरकर :
त्याला कन्नडही येत नाही असं वदवून घ्या. मग पळताना तो नुसती कन्नड पाटी असलेल्या गाडीत बरोबर चढतो. कोल्हापूरची गाडी नको, तिच्यावर मराठी पाटी असू शकते.

चिकोडी_लाइन :
कंडक्टर दारात उभा राहून "चिक्कोडी, चिक्कोडी" वरडतोय की! पाटी वाचतो कोण?

वखार_गल्ली :
बस रद्द. शिंक ठेवली, ती मला आयुष्यात सुचली नसती (मी वखारीसमोर राहून आत कधी गेले नाही).

आणि दुसरा ग्लास सापडला. बाय टू घेऊन पोऱ्या बाहेर बाकड्यावर गेला तेव्हा शांताक्काचं दूध वर आलं होतं, तिनं मान वळवून बघितलंच नाही. रात्री हिशेबाला बसते तर त्या चहाचे पैसे गल्ल्यात नाहीत. पोऱ्यानं सवयीनं उधारीच्या वहीत मांडलेत, वखारीच्या दिवाणजीच्या नावावर. आणि दिवाणजी तर सकाळपासून सांगत हिंडतोय, ह्या पाहुण्याला मी ओळखतसुद्धा नाही.

चिकोडी_लाइन :
आता पोऱ्याला नाव द्या. केस त्यानंच फोडलीय.