तरुण संघासाठी ख्रिस्ती चित्रपट: कोणता आणि कसा दाखवावा? (नेरूळ)

नेरूळ_तरुणसंघ: १३ ते १७ वयाची ४० मुलं. शनिवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये चित्रपट, मग चर्चा. उपदेश सुरू झाला की मुलं मोबाईल काढतात. कोणता निवडावा? मराठी सबटायटल्स लावायची आहेत. घरच्या ओटीटीवरून प्रोजेक्टरवर लावलं तर चालेल ना?

तलावपाळी_ठाणे: नाही. ते सबस्क्रिप्शन घरापुरतंच असतं. ‘तिकीट नाही, देवाचं काम आहे’ हेही टिकत नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ मधली धार्मिक संस्थेसाठीची सूट हौशी मंडळाच्या नाटक-संगीताला आहे, चित्रपटाला नाही. वितरकाकडून एका खेळाची लेखी परवानगी घ्या. मेलमध्ये तारीख, जागा, प्रेक्षकसंख्या आणि प्रवेश मोफत असल्याचं लिहा.

ऐरोलीकर: प्रार्थना केली की शेवटच्या दहा मिनिटांत सगळं सुटतं, असे चित्रपट टाळा. मुलांना ते खोटं वाटतं, आणि बरोबरच वाटतं. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ (१९८१) घ्या. दोन तासांचा आहे, सुरुवात संथ आहे, पण धावपटू एरिक लिडल रविवार हा देवाचा दिवस म्हणून धावायला नकार देतो तिथे हॉल शांत होतो. चर्चेला खरा मसाला पुढे आहे: त्याच्या १०० मीटरची फेरी रविवारी आहे हे चित्रपटात त्याला जहाजावर चढताना कळतं, प्रत्यक्षात काही महिने आधीच कळलं होतं. म्हणून तर त्याने ४०० मीटरची तयारी केली आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं. मुलांना विचारा, ऐनवेळचा नकार अवघड की सहा महिने धरून ठेवलेला? ‘देवाने बक्षीस दिलं’ एवढ्यावर कोणी थांबलं तर पुढचंही सांगा: तो चीनमध्ये मिशनरी झाला आणि १९४५ मध्ये जपान्यांच्या नजरकैद छावणीत वारला. आठ-आठचे गट करा; चाळीस जणांत चारच बोलतात.

सबटायटलवाला_वाशी: सबटायटलची एसआरटी फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हं दिसतील. व्हीएलसी प्लेअरमध्ये जी आणि एच बटणांनी सबटायटल ५० मिलिसेकंद मागेपुढे करता येतं. पण सुरुवातीला जुळलेली ओळ हळूहळू सरकत गेली तर फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) वेगळा आहे: २३.९७६ आणि २५ मध्ये १०० मिनिटांत चारेक मिनिटांचा फरक पडतो. तिथे बटणं कामाची नाहीत, सबटायटल एडिटरमध्ये फ्रेमरेट बदला. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट तरी वर हवी, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांमागे ओळी जातात.

नेरूळ_तरुणसंघ: हॉलच्या खिडक्या पश्चिमेला आहेत. प्रोजेक्टरचा ३००० ल्युमेन्सचा उजेड पुरेल?

सबटायटलवाला_वाशी: दहा फुटी पडद्याला पुरेल, पण अंधार पडल्यावरच. खिडक्यांना जाड काळे पडदे नसतील तर सूर्य मावळून अंधार पडेपर्यंत सुरू करू नका.