कळव्यात रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या जुन्या स्प्लेंडरसाठी कमी खर्चातला उपाय सुचवावा

रेतीबंदरकर
नमस्कार. कळव्यातील आमच्या जुन्या इमारतीला फाटक नाही आणि रखवालदारही नाही, त्यामुळे दुचाकी रात्रभर भिंतीलगत रस्त्यावरच उभी असते. पंधरा दिवसांपूर्वी याच गल्लीतली एक दुचाकी पहाटे चोरीला गेली. सकाळी तिथे फक्त साइड स्टँडखाली ठेवलेला फरशीचा तुकडा उरला होता. माझी स्प्लेंडर २०१३ सालची आहे, वडिलांनी घेतलेली, आणि ठाणे स्टेशन गाठायला मला रोज तीच लागते. दीड हजार रुपयांच्या आत डिस्क लॉक, अलार्म आणि जीपीएस यांपैकी नेमके काय घ्यावे?

कोपरखैरणे सेक्टर
अलार्म असलेले डिस्क लॉक, म्हणजे डिस्क ब्रेकच्या चकतीत अडकवायचे कुलूप, घ्यावे, असे मी सुचवेन. माझ्या गाडीला तीन वर्षे तेच आहे. सोबत हँडलला अडकवायची रंगीत दोरी मिळते ती मात्र लावाच, कारण सकाळच्या घाईत लॉक विसरून गाडी पुढे काढली की गाडी जागीच अडकते आणि तोल जातो.

रेतीबंदरकर
आभारी आहे, परंतु माझ्या गाडीला पुढेही ड्रम ब्रेक आहे.

दिवा गॅरेज
ड्रम ब्रेकला बाहेर चकती नसते, मग डिस्क लॉकचा प्रश्नच मिटला. दादा, काहीही विकत घेण्याआधी एक गोष्ट तपासून पाहा. दहा-बारा वर्षे वापरलेल्या गाडीचे इग्निशन आतून झिजते, आणि अशा कुलपात दुसऱ्याच गाडीची झिजलेली किल्ली थोडी हलवली तरी फिरते. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांत हे मी वारंवार पाहतो. चालू असताना किल्ली सहज उपसून हातात येत असेल, तर कुलूप संपले असे समजावे. नव्या लॉक सेटमध्ये इग्निशन, हँडल आणि टाकीचे झाकण या तिन्हींना एकच किल्ली येते, आणि पहिला खर्च तिथेच व्हायला हवा.

उरलेल्या पैशांत कठीण पोलादाची, निदान १० मिलिमीटर जाडीची साखळी घ्या. ती नुसती पुढच्या चाकात घालू नका, कारण पुढचे चाक दोन पान्यांत सुटते. मागचे चाक आणि चिमटा, म्हणजे स्विंगआर्म, या दोन्हींतून ओवून ती पक्क्या जागी अडकवावी. साखळी जमिनीवर लोळू देऊ नये. कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून दुसऱ्यावर अंगाचा सगळा भार टाकता आला की जाड कडीही तुटते, अधांतरी साखळीवर तेवढा जोर लागत नाही.

सीटखाली इंजिन सुरूच होऊ न देणारा छुपा स्विच बसवता येतो, पण जोडकाम नीट झाले नाही तर पावसाळ्यात गाडी तुम्हालाच वाटेत बंद पडून दगा देईल. पेट्रोल कॉक बंद करण्यावर विसंबू नका. जीपीएसला सिमचा रिचार्ज लागतो आणि गाडी गेल्यानंतरच त्याचा उपयोग सुरू होतो, म्हणून या रकमेत तो मी सुचवणार नाही.

ऐरोलीची वाचक
विम्याची कागदपत्रेही आजच काढून पाहावीत, ही कळकळीची विनंती. केवळ थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीचा, विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकींना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला, आणि तेव्हापासून अनेकांचा असा समज झाला आहे की पाच वर्षे सगळेच सुरक्षित आहे. माझ्या भावाची गाडी गेली तेव्हा आमचाही तोच समज होता. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा आणि चोरीचा भाग बहुधा दरवर्षी वेगळा भरावा लागतो. दावा करताना कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, म्हणून लॉक सेट बदलल्याचे बिल जपून ठेवा. मूळ आरसीही गाडीत ठेवू नका, रस्त्यावर डिजिलॉकरमधली चालते.

रेतीबंदरकर
काल रात्री शेजाऱ्यांच्या गाडीची किल्ली लावून पाहिली. दुसऱ्या प्रयत्नात ती फिरली आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला. ते पाहून मला झोप आली नाही. आज लॉक सेट सांगून आलो आहे. साखळी अडकवायला भिंतीवरून उतरणारा पाण्याचा पाइप चालेल का?

दिवा गॅरेज
प्लास्टिकचा असेल तर मुळीच नाही, तो हाताच्या करवतीने क्षणात कापला जातो. तळमजल्याची लोखंडी जाळी भिंतीत पक्की बसवलेली असेल तर तिथल्या रहिवाशांना विचारून तिला अडकवा. तेही जमले नाही, तर शेजाऱ्यांची आणि तुमची गाडी एकाच साखळीत बांधा, आणि किल्ली दोघांच्याही घरी ठेवा.