मदत हवी आहे: मामाची बीएमडब्ल्यू झेड-८ पुण्यात आणता येईल का? नसेल तर विकताना काय बघायचं?

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, हसू नका.

माझा मामा मूळचा नारायण पेठेतला. सीओईपी या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडला, म्युनिकला गेला आणि तिकडचाच झाला. २००१ मध्ये त्याने झेड-८ घेतली. मामी शेवटपर्यंत तिला ‘खेळणं’च म्हणायची. आता मामाची पंच्याहत्तरी झालीये, गुडघे धरतात, एवढ्या खाली बसलेल्या गाडीतून उठायला कुणीतरी हात द्यावा लागतो. मूलबाळ नाही. यंदा गणपतीत आला होता, तेव्हा आरतीचं ताट खाली ठेवता ठेवता म्हणाला, "गाडी तू घेतोस का रे? नाहीतर कुणा जुन्या गाड्या जमवणाऱ्याला देऊन टाकतो." मी कोथरूडला राहतो, दाराशी वॅगनआर आणि ॲक्टिव्हा. त्या रात्री झोप लागली नाही.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी: २००० ते २००३ या काळात बनलेली दोन सीटांची उघडी गाडी, जगात मिळून ५,७०३. त्या काळच्या बीएमडब्ल्यूच्याच एम-५ गाडीतलं ४.९ लिटरचं व्ही-८ इंजिन, ४०० हॉर्सपॉवर, सहा गिअर, तेही हातानेच टाकायचे. सांगाडा ॲल्युमिनियमचा. रूप कंपनीच्याच पन्नाशीच्या दशकातल्या ५०७ या गाडीवरून घेतलेलं. मी एकदाच तिच्यात बसलोय, ड्रायव्हरशेजारी. डायल स्टेअरिंगमागे नाहीत, डॅशबोर्डच्या मधोमध, ड्रायव्हरकडे किंचित कललेले. गाडीसोबत मिळालेलं कडक छप्पर तळघरात स्टँडवर असतं आणि धूळ बसू नये म्हणून मामीच्या जुन्या इरकलीत गुंडाळलेलं आहे. मामी गेली, इरकल अजून तिथेच.

तर आणता येईल का? आणि येत नसेल तर दुसरा प्रश्न. तिथला एक डीलर बघून गेला. म्हणे ‘अल्पिनाची असती तर गोष्ट वेगळी होती, ही साधी आहे’ (अल्पिना म्हणजे बीएमडब्ल्यूच्याच गाड्यांमध्ये बदल करून विकणारी कंपनी), शिवाय ‘पुढे काहीतरी उचललंय’ म्हणून भाव पाडला. मामा भोळा नाही, पण कंटाळलाय. काय तपासायला सांगू?

बोपदेवघाट: आधी वाईट बातमी. जुनी गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टेअरिंग उजवीकडे लागतं. झेड-८ उजव्या स्टेअरिंगची कंपनीने काढलीच नाही. म्हणजे दोन्हीकडून दार बंद. विंटेजची सवलत पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाड्यांना, म्हणजे तुम्हाला २०५१ पर्यंत थांबावं लागेल. मामांनी स्वतः कार्नेवर (गाडी ड्युटी न भरता तात्पुरती आणायच्या कागदावर) आणली तर सहा महिन्यांसाठी येऊ शकते, पण मुदत संपायच्या आत परत न्यायची. आणि आपल्या सोसायट्यांच्या स्पीडब्रेकरांवर ते पोट घासलेलं बघण्यापेक्षा न आणलेली बरी.

तिरकस_सदाशिव: मोटार वाहन कायद्याचं कलम १२० वाचा. डाव्या स्टेअरिंगच्या गाडीला चालू स्थितीतलं सिग्नल देणारं यंत्र हवं. या गाडीचे मागचे इंडिकेटर निऑन नळ्यांचे आहेत, साध्या बल्बपेक्षा लवकर पेटतात. कायदा खूश, मामा खूश, फक्त कस्टम नाखूश.

जुनं_लोखंड: डीलर सगळंच खोटं बोलत नाहीये. या गाडीचं ते ठाऊक असलेलं दुखणं आहे. पुढचे शॉकअब्सॉर्बर ज्या कप्प्यात वर टेकतात, तो ॲल्युमिनियमचा भाग खड्ड्याच्या दणक्याने वर फुगतो. मामांना सांगा, बॉनेट उघडा आणि त्या वर्तुळावर स्टीलची पट्टी आडवी ठेवा. पट्टी सपाट बसली तर डीलर घाबरवतोय. मधल्या फुगवट्यावर डोलली तर खरंच बसलाय धक्का. मग बॉनेट आणि मडगार्डमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का तेही बघा.

अल्पिनाच्या ५५५ झाल्या हे खरं, पण त्यात गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आणि सस्पेन्शन मऊ. हाताने गिअर टाकायची मजा ज्याला हवी तो मामांचीच गाडी शोधत येणार. ‘साधी’ म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. अशा गाड्या लिलावात दोन लाख डॉलरच्या वर गेल्या आहेत. कडक छप्पर, दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसचं पुस्तक, टूलकिट, गाडीसोबत आलेला मूळ फोन, सगळं एका जागी काढून फोटो घ्या. छप्पर हरवलेलं असेल तर भाव पडतो. तुमचं इरकलीत आहे, छान आहे.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. काल रात्री व्हिडिओ कॉलवर मामाने पट्टी ठेवली. माझ्या शाळेच्या कंपासपेटीतली असावी अशी, सहा इंची. उजवीकडे सपाट. डावीकडे कणभर डोलते, पण कागद घातला तर अडकतो. ‘पट्टीच वाकडी असेल,’ असं तो म्हणाला, आणि उलटी करून ठेवली तरी डोलली. म्हणजे एका बाजूचं खरं आहे. डीलरला आता नाही म्हणणार, आधी चांगल्या गॅरेजला दाखवतोय.

विकायच्या आधी मी येऊन एकदा चालवायची, अशी त्याची अट आहे. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढतोय. अडचण एवढीच की गिअर उजव्या हाताने टाकायचा आणि माझा डावाच हात धावतो. पुण्यात कुणाकडे डाव्या स्टेअरिंगची जुनी जीप वगैरे असेल तर रविवारी सकाळी अर्धा तास नुसता बसू द्याल का? चहा-क्रीमरोल माझ्याकडून.