मंदारच्या मरणाला कुठलंही कारण चिकटवू नका

विनय (किरकटवाडी, पुणे; फेब्रुवारी 2025)
समीर, काल रात्री तू आपल्या बॅचच्या ग्रुपवर टाकलेलं दोनदा वाचलं. 'जीबीएस म्हणजे कोविड लसीचे उशिरा दिसणारे परिणाम. मंदारही त्यातच गेला. चिकन, पनीर बंद करा, पुण्याकडे फिरकू नका.' (जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, हात-पाय लुळे पाडणारा नसांचा आजार. आणि मंदार म्हणजे डिसेंबरात अचानक गेलेला आपला मित्र.) तिथे उत्तर दिलं असतं तर सकाळपर्यंत शुभेच्छांखाली गाडलं गेलं असतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझा मेव्हणा आज अकरा दिवस आयसीयूत आहे. सुरुवात जुलाबांनी झाली. ते थांबले आणि आठवड्याने पायातली चप्पल निसटायला लागली, त्याला कळायचंही नाही. दुसऱ्या दिवशी जिना चढवेना. तिसऱ्या दिवशी घास तोंडापर्यंत नेता येईना आणि रात्री थुंकी गिळता येईना, तेव्हा नळी घातली. आयव्हीआयजीचा, म्हणजे शिरेतून देतात त्या प्रतिपिंडांच्या औषधाचा, डोस वजनावर ठरतो, एकेक बाटली हजारोंची, आणि ते पाच दिवस द्यायचं. माझ्या बहिणीने पाटल्या मोडल्या. ती तुझा मेसेज वाचून मला विचारते, 'दादा, आपणच त्याला लस घ्यायला लावली होती ना?' तिला मी काय सांगू?

पुणे परिसरात दीडशेच्या वर रुग्ण झालेत आणि बहुतेक सिंहगड रोडच्या पट्ट्यातले आहेत. नांदेड (आमच्या शेजारचं गाव, मराठवाड्यातलं नव्हे), किरकटवाडी, खडकवासला, धायरी. लस सगळ्या महाराष्ट्राने घेतली. मग आजार पाणी पुरवणाऱ्या एकाच विहिरीच्या आसपास कसा?

समीर
विन्या, मेव्हण्याचं वाईट वाटलं, मनापासून. पण मला गप्प बसवू नकोस. गेल्या तीन वर्षांत आपल्या ओळखीतली पन्नाशीच्या आतली किती माणसं पटकन गेली ते मोज. मंदार 44 चा होता. दिवाळीत माझ्याकडे फराळाला आला होता, डिसेंबरात तो राहिला नाही. आधी असं होत नव्हतं. आता म्हणे हात-पाय लुळे पडतात. लोकांनी प्रश्न विचारायचेच नाहीत का?

प्राची
विचार ना. पण उत्तर ऐकूनही घे. मी फिजिओ आहे, सतरा वर्षं न्यूरोच्या वॉर्डात काम करतेय. जीबीएसचे पेशंट आमच्याकडे दरवर्षी येतात, लसीच्या आधीही यायचे. ज्या फ्रेंच डॉक्टरांची नावं या आजाराला मिळाली त्यांनी तो 1916 मध्ये नोंदवलाय. पोटात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू जातो, शरीर त्याच्याशी लढतं, आणि त्या जंतूचं बाहेरचं आवरण आपल्या नसांवरच्या घटकांसारखं असल्याने प्रतिकारशक्ती नसांनाच शत्रू समजते. म्हणून आधी जुलाब, मग पाय, मग हात. हे फक्त आपल्याकडेच झालंय असं नाही. 2023 मध्ये पेरू देशाने याच आजारासाठी आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती. पुण्याच्या पेशंटांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडलेत. दोन्ही पाण्या-अन्नातून येतात.

विनय, बहुतेक पेशंट परत चालतात. महिने लागतात, पण चालतात. बहिणीला हे सांग.

मृणाल
मी एरवी लिहिणार नव्हते. पण 'लसीमुळे' हा शब्द आला की तुम्ही सगळे ज्या सुरात बोलता तो सूर मला ओळखीचा आहे.

माझे बाबा 2021 च्या एप्रिलमध्ये, पहिल्या डोसनंतर चौथ्या दिवशी गेले. 71 वर्षांचे. रोज पहाटे तळ्याभोवती चार फेऱ्या मारायचे. मी तिथल्या डॉक्टरांना म्हटलं, लसीनंतरची घटना म्हणून नोंद तरी करा. ते म्हणाले, 'मॅडम, कशाला लोकांना घाबरवता?' फॉर्म भरला नाही. बाबा लसीनेच गेले असं मी म्हणत नाही, मला माहीतच नाही. आणि माहीत नाही, कारण कुणी पाहिलंच नाही. प्राची, तू म्हणशील पुरावा कुठाय. पुरावा ज्यांनी गोळा करायचा त्यांनी वही मिटली.

प्राची
मृणाल, फॉर्म भरायलाच हवा होता. ती चूक आहे आणि मी तिचं समर्थन करणार नाही.

आता मला जे कबूल करायचंय तेही करते, नाहीतर समीर म्हणेल लपवलं. 1976 मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लसीनंतर जीबीएस वाढला होता. लाखामागे साधारण एक जादा रुग्ण, आणि मोहीम थांबवावी लागली. कोविडच्याही काही लसींनंतर तो क्वचित दिसला, युरोपात तशी अधिकृत नोंद आहे. पण तो दिसतो डोसनंतरच्या सहा आठवड्यांत. चार वर्षांनी, तोही एकाच रस्त्यावर, नाही दिसत.

आणि अचानक मृत्यूंबद्दल आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 47 रुग्णालयांतून 18 ते 45 वयाच्या लोकांचा अभ्यास केला, 2023 मध्ये आला. लसीने धोका वाढलेला दिसला नाही. दिसलं ते हे: घरात कुणी असंच अचानक गेलेलं असणं, कोविडसाठी दवाखान्यात राहिलेलं असणं, आदल्या दोन दिवसांत भरपूर दारू किंवा अंगावर येईल असा व्यायाम.

मृणाल
18 ते 45. त्यात माझे बाबा नाहीत.

दत्ता (भोर)
तुमचं लसीचं चालू द्या. माझ्याकडे शेडमध्ये साडेतीन हजार पक्षी तयार उभे आहेत आणि समीर लिहितो चिकन बंद करा. 2006 ला नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा माझ्या वडिलांनी शेड बंद केली. 2020 च्या फेब्रुवारीत 'कोंबडीतून कोरोना' असा मेसेज फिरला, मी पिल्लं फुकट वाटली. खरंच फुकट. खाद्याची उधारी दोन वर्षं फेडत होतो. पक्षी विकायचा म्हटलं तर दर नाही, ठेवायचा म्हटलं तर रोज खातोय. समीर, तुझं एक बोट दाबून झालं, पण माझी अख्खी बॅच जाते.

समीर
दत्ता, खडकवासला धरणाच्या बाजूच्या पोल्ट्र्या तपासल्या की नाही सरकारने? उगाच तपासल्या?

दत्ता
तपासू देत. विष्ठेत तो जंतू असतो हे मला डॉक्टरने सांगितलंय, मी नाही म्हणत नाही. ज्यांची घाण पाण्यात जाते त्यांना पकडा. पण नीट शिजवलेल्या रश्शात तो मरतो. 'नीट शिजवा' आणि 'बंद करा' यातलं अंतर म्हणजे माझं घर आहे.

नितीन (धायरी)
तुम्ही सगळे चुकीच्या जागी भांडताय. मी पाण्याबद्दल बोलतो, कारण कुणी बोलत नाही.

आमची धायरी 2017 ला 11 गावांबरोबर महापालिकेत गेली. विनयचं किरकटवाडी 2021 ला, 23 गावांबरोबर. टॅक्सची बिलं लगेच आली. पाणी? नांदेडच्या विहिरीत धरणाचं पाणी येतं, गाळण-बिळण काही नाही, टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकायची आणि सोडायचं. धरणाच्या काठावर राहून आम्ही कच्चं पाणी पितो आणि त्याच धरणाचं शुद्ध केलेलं पाणी आमच्या दारावरून शहरात जातं! ज्याला परवडतं तो जार घेतो. आणि आता त्या जारवाल्यांचेच प्लांट सील केले, कारण त्यांचंही पाणी खराब.

ग्रामपंचायत होती तेव्हा टीसीएल टाकणारा माणूस ओळखीचा होता. वास आला नाही तर त्याच्या घरी जाऊन विचारायचो. आता ॲपवर तक्रार करायची. तक्रार दुसऱ्या दिवशी बंद, शेरा 'निराकरण झाले'.

समीर
ग्रामपंचायतीच्या वेळी पाणी काय गंगाजल होतं? माझी मावशी तिथेच राहायची. दर पावसाळ्यात घरात एकाला तरी कावीळ. आणि तुम्ही लोकांनीच जमिनी बिल्डरांना विकल्या ना? एका विहिरीवर एवढे टॉवर उभे केले कुणी?

नितीन
जमीन विकली म्हणून आम्ही जुलाब होऊन मरायचं का? तोंड सांभाळून बोल. ज्यांनी फ्लॅट घेतले त्यांनी आयुष्यभराची कमाई घातलीय. टॉवरला परवानगी देताना पाणी कुठून देणार हे विचारायचं काम माझ्या बापाचं होतं की सरकारचं?

विनय
समीर, आता मीच स्पष्ट बोलतो. मंदारला बीपी होतं. गोळी सहा महिने बंद होती, हे त्याने मला गणपतीत सांगितलं होतं. तू लस-लस करतोस...

समीर
थांब. मेलेल्या माणसाला त्याच्या मरणाचा जाब विचारू नकोस. त्याच्या पोरीही हे वाचतील. मी लस म्हटलं ते निदान त्याचा दोष नव्हता असं म्हणायला.

विनय
...ते बरोबर आहे. मी असं चारचौघांत लिहायला नको होतं. वाक्य ठेवतो, खोडलं तर लपवल्यासारखं होईल, पण चुकलो. तरी तुझंही ऐक. त्याचा दोष नव्हता हे सांगायला माझ्या बहिणीवर दोष टाकायची गरज नाही. मृणालच्या बाबांची नोंद झाली नाही म्हणून तिला आजही माहीत नाही. आणि आपण मंदारचं काय करतोय? काहीही न तपासता थेट निकाल.

मृणाल
हे मला पटलं. बाकी सगळं नाही.

नितीन
लिहून काही होत नाही. वॉर्ड ऑफिसात मी शनिवारी चौघांना घेऊन गेलो होतो. तिथले साहेब म्हणाले, क्लोरीन रोज तपासतो. मी म्हटलं, वही दाखवा. वही साइटवर आहे म्हणाले. साइटवरचा व्हॉल्व्हमन म्हणाला, ऑफिसात आहे. म्हणून ओटीची, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या द्रावणाची, बाटली विकत आणलीय.

समीर
ग्रुपवरचा मेसेज काढलाय. मंदारचं नाव आणि चिकनचं वाक्य वगळून पुन्हा टाकला. लसीबद्दल प्रश्न विचारलाय तो ठेवलाय, प्राचीने सांगितलेल्या सहा आठवड्यांसकट. माझं समाधान झालेलं नाही, एवढं समजा.

दत्ता
पहिला मेसेज माझ्या व्यापाऱ्याकडेही पोचलाय. त्याने आज गाडी पाठवली नाही.

नितीन
आज सकाळी सात वाजता पाणी आलं तेव्हा तपासलं. टाकीखालच्या नळाला फिकट पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन आहे. आमच्या गल्लीच्या शेवटच्या नळाला काहीच नाही, पाणी जसंच्या तसं बिनरंगाचं. दोनदा केलं. उद्या बाटली घेऊन किरकटवाडीला येतो. विनय, तुमच्याकडे पाणी किती वाजता सुटतं?

विनय
सहा वाजून वीस मिनिटांनी. पाऊण तास असतं. ये.