किंग काउंटीच्या लोगोवरचा मुकुट गेला हे चांगलंच, पण मूळ लोकांचं काय?

रेंटनकर: सिअ‍ॅटल, बेलव्ह्यू, रेडमंड या पट्ट्यात राहणारी आपली मराठी मंडळी सगळी किंग काउंटीत, म्हणजे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या किंग जिल्ह्यात येतात. 1852 ला काउंटीला नाव दिलं ते विल्यम रूफस किंगचं, अलाबामाचा गुलाम बाळगणारा पुढारी, नुकताच उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेला, इकडे कधी फिरकलाही नाही. 1986 ला काउंटी कौन्सिलने 5 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं की यापुढे नाव कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचं, 2005 ला राज्याने कायदा केला आणि 2007 ला लोगोतला मुकुट जाऊन त्यांचा चेहरा आला. माझं स्पष्ट मत आहे की हे अर्धंच काम झालं. ज्यांची ही जमीन होती ते डुवामिश लोक लोगोत कुठेच नाहीत.

मीनल_बी: अजिबात पटलं नाही. अर्धं काम कसं? गुलाम बाळगणाऱ्याचं नाव काढून गुलामांच्या वंशजाचं नाव देणं याहून मोठं काय असतं? मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव 1978 चा, पण नामविस्तार व्हायला 1994 उजाडलं, मधे लोकांची घरं जळली, माणसं गेली. आपल्या लोकांना तरी कळायला हवं की नाव बदलणं ही किरकोळ गोष्ट नसते.

वाटसरू: पायोनियर, म्हणजे इथे पहिल्यांदा वस्ती करायला आलेल्या गोऱ्या लोकांबद्दल कोणीच का बोलत नाही? डेनी मंडळी 13 नोव्हेंबर 1851 ला अल्काय पॉइंटला भर पावसात उतरली, बायका, तान्ही पोरं सोबत, आणि समोर जी केबिन होती तिला छप्पर सुद्धा नव्हतं!! शहर त्यांनीच उभं केलं ना? लोगोत तेही नाहीत मग.

रेंटनकर: त्यांचा खांब आहे की अल्कायला, 1905 पासून. जवळ जाऊन वाचा, पुरुषांची नावं कोरली आणि बायकांच्या वाट्याला नुसतं ‘आणि पत्नी’. त्यांची नावं 2001 ला वेगळ्या पाटीवर आली. आणि तो पहिला हिवाळा निघाला तो इथल्या मूळ लोकांच्या मदतीवर. त्यांनाच 1865 ला सिअ‍ॅटलने ठराव करून शहरात राहायला बंदी घातली, ज्या चीफ सिअ‍ॅटलचं नाव शहराला आहे त्याचेच लोक हे! 1916 ला कालव्यासाठी लेक वॉशिंग्टनची पातळी जवळपास 9 फूट उतरवली आणि आमच्या रेंटनमधली ब्लॅक रिव्हर आटली, तिच्या काठी त्यांची गावं होती. बसवर, कागदावर रोज जे चिन्ह दिसतं त्यात यातलं काहीच नाही.

ओंकार_देश: सगळं खरं, पण लोगोत चित्र टाकून त्यांना काय मिळणार? 1855 च्या पॉइंट इलियट करारावर, म्हणजे मूळ लोकांनी जमीन सरकारला देण्याच्या करारावर, चीफ सिअ‍ॅटलने सही केली, तरी डुवामिशना स्वतःची राखीव जमीन मिळाली नाही. 2001 ला क्लिंटन सरकारच्या शेवटच्या दिवसांत अधिकृत जमात म्हणून केंद्राची मान्यता हाताशी आली आणि बुश सरकारने फिरवली. आधी मान्यता मागा, काउंटी चित्र छापून मोकळी होईल आणि विषय तिथेच संपेल. शिवाय मकलशूट या इथल्याच दुसऱ्या मूळ जमातीच्या लोकांतही डुवामिश वंशज आहेत आणि त्यांचा या मान्यतेला विरोध आहे, मग काउंटीने विचारायचं कोणाला?

रेंटनकर: दोघांना विचारायचं. मान्यता दिल्लीसारखी लांब वॉशिंग्टन डीसीत अडकलीये, लोगो मात्र इथल्या कौन्सिलच्या हातात आहे, 2007 ला बदलला तसा परत बदलता येतो. किंग यांचा चेहरा काढा असं मी म्हणतच नाहीये मीनल, तो राहू दे, शेजारी जागा करा एवढंच.

मीनल_बी: शेजारी असेल तर माझा विरोध नाही. पण त्या चेहऱ्याला हात लावला तर आहे.